करोल बागेतले बीजगणित

संध्याकाळच्या प्रेपला आमच्या हाऊसमधली सातवीची मुले गणिताची वही घेऊन माझ्याकडे येतात. उदाहरण सोडवून दिले की त्यांचा नेहमीचा प्रश्न ठरलेला असतो. "दादा, गणितात आकडे असतात हे ठीक आहे. त्यात ही अक्षरे कशाला? आणि आधी गुणाकार, मग बेरीज, हे कोणी ठरवले? डावीकडून उजवीकडे वाचत गेलो तर काय बिघडते?"

दोन वर्षांपूर्वी मीही हेच विचारत होतो. तेव्हा मला मिळालेले उत्तर होते, "नियम आहे, पाठ कर." मी पाठ केला आणि मार्कही मिळवले. पण तो नियम का आहे, हे मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कळले. तेही वर्गात नाही, तर दिल्लीला करोल बागेत, अण्णांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या दुकानात. आणि एक चूक केल्यावर. ती चूक या लेखात सांगणार आहे, कारण तिच्यात बीजगणिताचा पहिला धडा सगळा आला आहे.

गलाई म्हणजे काय

करोल बाग म्हटले की लोकांना अजमल खान रोडवरची खरेदी आठवते. पण त्या गर्दीच्या मागे, बिडनपुरा आणि रेगरपुरा या भागांतल्या अरुंद गल्ल्यांत, सोन्याचे काम चालते. दागिने घडवणाऱ्या कारागिरांत बंगालकडची माणसे पुष्कळ आहेत. आणि सोने गाळून, शुद्ध करून देणारे जे गलाईवाले, त्यांत आपली सांगली-साताऱ्याकडची माणसे पुष्कळ आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव हा पावसाने पाठ फिरवलेला पट्टा. शेतीवर भागेना म्हणून तिथली माणसे काही पिढ्यांपूर्वी बाहेर पडली आणि गलाईचा धंदा घेऊन देशातल्या जवळजवळ प्रत्येक सराफ बाजारात पोचली. त्यामुळे करोल बागेच्या गल्लीत हिंदी, बंगाली आणि विट्याची मराठी अशा तिन्ही भाषा एकाच वेळी ऐकू येतात.

गलाईवाल्याचा रोजचा शब्द म्हणजे टंच. शंभर भाग धातूत चोख सोने किती भाग, तो टंच. ७५ टंचाचे सोने म्हणजे १०० ग्रॅममध्ये ७५ ग्रॅम सोने आणि २५ ग्रॅम हीण, म्हणजे तांबे, चांदी वगैरे. २२ कॅरट म्हणजे २४ भागांत २२ भाग. २२ ला २४ ने भागले तर ०.९१६ च्या थोडे वर येते. दागिन्यावर ९१६ असा शिक्का असतो तो यामुळेच.

आता आलेल्या मालात चोख सोने किती, हे कसे काढायचे? वजनाला टंचाने गुणायचे आणि शंभराने भागायचे. दुकानात दिवसभरात किती पुड्या येतात. प्रत्येकीचे वजन वेगळे, टंच वेगळा. पण करायची कृती तीच. मग ती कृती एकदाच लिहून ठेवता येते :

स = व × ट ÷ १००

इथे व म्हणजे वजन, ट म्हणजे टंच आणि स म्हणजे चोख सोने. हीच ती "कशाला" असलेली अक्षरे. व हा आकडा नाही, तो आकड्याची जागा आहे. दुकानातल्या तराजूचे पारडे जसे रिकामे असते आणि येईल ती पुडी त्यात ठेवतात, तसे हे अक्षर रिकामे असते. ज्याची किंमत पुडीगणिक बदलते, त्याला चल म्हणतात. जो बदलत नाही, जसा इथला १००, तो स्थिरांक. बीजगणिताचे पुस्तक उघडण्याआधीच अण्णा बीजगणित करत होते, फक्त त्याला ते "हिशेब" म्हणत होते.

माझी चूक

मे महिन्यातली दुपार होती. अण्णा आत भट्टीपाशी होते. मी पुढे गल्ल्यावर बसलो होतो. नेहमीचे एक कारागीर दोन पुड्या घेऊन आले. दोन्ही एकत्र गाळून त्यांना चोख सोने हवे होते. पहिली पुडी १२ ग्रॅमची, टंच ९०. दुसरी ८ ग्रॅमची, टंच ७५. चोख सोने किती निघेल, ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. मी दुकानातला कॅल्क्युलेटर ओढला आणि डावीकडून उजवीकडे बटणे दाबली :

१२ × ०.९ + ८ × ०.७५ =

उत्तर आले १४.१. मी चिठ्ठीवर १४.१ ग्रॅम लिहिले.

कारागिरांनी चिठ्ठी पाहिली. काही बोलले नाहीत. खिशातून मोबाइल काढला, त्यावर तीच बटणे त्याच क्रमाने दाबली आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. तिथे १६.८ होते. "छोटे, हिसाब फिर से देखो," एवढेच म्हणाले.

बटणे तीच, क्रम तोच, यंत्रे दोन आणि उत्तरे दोन. फरक २.७ ग्रॅम सोन्याचा. मी पुन्हा दाबून पाहिले. पुन्हा १४.१. माझे कान गरम झाले. दुकानातला कॅल्क्युलेटर बिघडला असेल असे मी म्हणणार, तेवढ्यात अण्णा हात पुसत बाहेर आले. त्यांनी कुठल्याच यंत्राला हात लावला नाही. चिठ्ठी बघून म्हणाले, "अरं, वीस ग्रॅमात चौदा म्हंजे सत्तर टंच झाला. नव्वदचं आणि पंच्याहत्तरचं एकत्र केल्यावर सत्तर कसं हुईल? मिसळ दोघांच्या मधीच बसणार की."

मग त्यांनी तोंडी सांगितले. पहिल्या पुडीत १०.८, दुसरीत ६, मिळून १६.८. वीस ग्रॅममध्ये १६.८ म्हणजे ८४ टंच. ९० आणि ७५ च्या बरोबर मधे कुठेतरी. चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहून दिली.

कॅल्क्युलेटर बिघडलेला नव्हता. टेबलावरचे साधे कॅल्क्युलेटर पुढच्या चिन्हाचे बटण दाबले की आधीचे काम लगेच उरकून टाकतात. त्याने १२ × ०.९ केले, १०.८ आले. त्यात ८ मिळवले, १८.८ झाले. मग त्या सगळ्याला ०.७५ ने गुणले, १४.१. म्हणजे त्याने पहिल्या पुडीतले चोख सोने दुसऱ्या पुडीच्या कच्च्या मालात टाकले आणि मग त्या सगळ्यालाच ७५ टंच लावला. खरोखर असे कोणी केले असते तर आपण त्याला वेड्यात काढले असते. मोबाइलने मात्र आधी दोन्ही गुणाकार केले आणि मग बेरीज केली.

क्रम हा कामाचा असतो

इथे मला तो "का" सापडला. १२ × ०.९ हा एक वेगळा तुकडा आहे, पहिल्या पुडीतले सोने. ८ × ०.७५ हा दुसरा तुकडा, दुसऱ्या पुडीतले सोने. बेरीज ही त्या दोन तुकड्यांची आहे. १२ ग्रॅम मालात ६ ग्रॅम चोख सोने मिळवून काही अर्थ निघत नाही, कारण ती एका जातीची गोष्ट नाही. एका जातीच्या गोष्टी तयार झाल्याशिवाय बेरीज करता येत नाही, आणि त्या तयार करण्याचे काम बहुधा गुणाकार करतो. म्हणून सगळ्या जगाने ठरवले की कंस नसेल तेव्हा गुणाकार-भागाकार आधी, बेरीज-वजाबाकी नंतर. हा संकेत आहे, पण उगाच केलेला संकेत नाही.

आपल्याला कवायतीत हे रोज दिसते. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. "तीन पावले पुढे, दाहिने मुड, दोन पावले पुढे" या हुकमाने तुम्ही जिथे पोचाल, तिथे "दाहिने मुड, तीन पावले पुढे, दोन पावले पुढे" या हुकमाने पोचणार नाही. पहिल्यात तुम्ही तीन पावले उत्तरेला आणि दोन पूर्वेला आहात. दुसऱ्यात पाच पावले पूर्वेला. हुकूम तेच तीन, फक्त क्रम बदलला.

मराठी शाळेत हा क्रम लक्षात ठेवायला "कंचेभागुबेव" असा शब्द शिकवतात : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. शब्द चांगला आहे, पण त्यात तीन खड्डे आहेत आणि मी तिन्हींत पडलो आहे.

पहिला : भागाकार आधी लिहिला आहे म्हणून तो गुणाकारापेक्षा मोठा नाही. दोघांचा हुद्दा सारखा. सारख्या हुद्द्याचे समोरासमोर आले तर डावीकडचा आधी. २४ ÷ ४ × २ म्हणजे ६ × २, उत्तर १२. उजवीकडून सुरुवात करून ३ काढू नये.

दुसरा : बेरीज आणि वजाबाकी यांचेही तसेच. २० − ६ + ४ हे १८ आहे. "बे" आधी आहे म्हणून ६ आणि ४ ची बेरीज करून २० − १० = १० असे काही जण लिहितात. वीस ग्रॅममधून सहा काढले आणि चार घातले, तर पारड्यात दहा कसे उरतील?

तिसरा : या शब्दात घातांक नाहीच. त्याची जागा कंसानंतर लगेच, गुणाकार-भागाकाराच्या आधी आहे. त्याकडे आपण पुढे येऊ.

आणि साध्या कॅल्क्युलेटरवर हिशेब करायचाच असेल तर त्यावर "एम प्लस" असे बटण असते. १२ × ०.९ करून ते दाबायचे, ८ × ०.७५ करून पुन्हा दाबायचे, मग "एमआर" दाबले की दोन्ही तुकड्यांची बेरीज येते. ते बटण त्या दिवसापर्यंत मी कशासाठी असते हे पाहिलेच नव्हते.

भास्कराचार्यांचा सराफ

शाळेत परत आल्यावर मी ग्रंथालयात 'लीलावती'चा अनुवाद चाळला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा आणि 'लीलावती' ११५० सालची. त्यात सोन्याच्या हिशेबावर स्वतंत्र प्रकरणच आहे. तेव्हा टंचाऐवजी वर्ण हे माप होते आणि १६ वर्णाचे सोने म्हणजे पूर्ण चोख. त्यांच्या एका उदाहरणात चार तुकडे आहेत : १३ वर्णाचे १० मासे, १२ वर्णाचे ४ मासे, ११ वर्णाचे २ मासे आणि १० वर्णाचे ४ मासे. सगळे एकत्र आटवले तर मिश्रणाचा वर्ण किती?

त्यांची रीत अशी : प्रत्येक तुकड्याचे वजन आणि वर्ण यांचा गुणाकार करा, सगळ्या गुणाकारांची बेरीज करा, आणि त्या बेरजेला एकूण वजनाने भागा. आजच्या चिन्हांत :

(१० × १३ + ४ × १२ + २ × ११ + ४ × १०) ÷ २०

कंसात १३० + ४८ + २२ + ४० = २४०. त्याला २० ने भागले की १२ वर्ण. १० ते १३ च्या मधे. अण्णांच्या कसोटीला उतरले.

आता इथला कंस पुसून पाहा. मग भागाकार फक्त शेवटच्या तुकड्याला लागतो : ४० ÷ २० = २, आणि उत्तर १३० + ४८ + २२ + २ = २०२. सोळाच्या मापात दोनशे दोन वर्णाचे सोने! म्हणून कंस लागतो. नेहमीच्या क्रमापेक्षा वेगळा क्रम हवा असेल, तर "आधी हे पुरे करा, मग पुढे जा" हे सांगण्याची खूण म्हणजे कंस. कंस हा गणितातला हवालदार आहे असे मी सातवीच्या मुलांना सांगतो. तो आधी कोणाला सोडायचे ते ठरवतो.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हटले आहे, म्हणजे "जितके असेल तितके". एकापेक्षा जास्त अज्ञात असतील तर पुढच्यांना रंगांची नावे : काळक, नीलक, पीतक. लिहिताना त्यांची पहिली अक्षरे, या, का, नी, पी. म्हणजे अक्षराने संख्या दाखवणे ही परदेशातून आलेली नवी कल्पना नाही. ती आठशेहून अधिक वर्षे आपल्याकडे आहे.

क्ष म्हणजे किती चांदी

आता खऱ्या अज्ञाताकडे येऊ. सोने शुद्ध करायच्या जुन्या रीतीत नायट्रिक आम्ल वापरतात, आमच्याकडे त्याला तेजाब म्हणतात. तेजाबात चांदी आणि तांबे विरघळतात, सोने विरघळत नाही. पण एक अडचण आहे. मालात सोने खूप असेल तर ते बाकीच्या धातूंना झाकून ठेवते आणि तेजाब आतपर्यंत पोचतच नाही. म्हणून ऐकायला उलटे वाटेल असे काम करतात : शुद्ध करायच्या सोन्यात आधी मुशीत चांदी मिसळतात. इतकी, की सोने एकूण वजनाच्या साधारण चौथा हिस्सा व्हावे. मग तेजाब सगळीकडे शिरतो, आणि तळाशी सोन्याची तपकिरी भुकटी उरते.

चांदी किती घालायची? माहीत नाही, म्हणून तिला क्ष म्हणू. मालाचे वजन व, त्यातले चोख सोने स. चांदी घातल्यावर एकूण वजन व + क्ष. सोने त्याचा चौथा हिस्सा हवे, म्हणजे एकूण वजन सोन्याच्या चौपट हवे :

व + क्ष = ४स

दोन्हीकडून व काढून घेतला तर

क्ष = ४स − व

४ आणि स यांच्यामध्ये चिन्ह नाही. संख्या आणि अक्षर चिकटून लिहिले की मधे गुणाकार समजायचा. ४० ग्रॅम माल, टंच ७५ असेल तर स = ४० × ७५ ÷ १०० = ३०. मग क्ष = ४ × ३० − ४० = १२० − ४० = ८० ग्रॅम चांदी. ताळा : एकूण १२० ग्रॅम, त्यात सोने ३०, बरोबर चौथा हिस्सा.

इथे कोणी वजाबाकी आधी केली तर ४ × (३० − ४०), म्हणजे ४ × (−१०) = −४०. उणे चाळीस ग्रॅम चांदी घाला! या मालात तरी असे उत्तर आले की थांबायचे.

पण उणे उत्तर प्रत्येक वेळी चूकच असते असे नाही. समजा ४० ग्रॅम माल फक्त २० टंचाचा आहे. मग स = ८ आणि क्ष = ३२ − ४० = −८. हिशेबात चूक नाही. सोने आधीच चौथ्या हिश्शापेक्षा कमी आहे, चांदी घालायची गरजच नाही, हे ते उणे चिन्ह सांगत आहे. उत्तर आल्यावर त्याचा अर्थ विचारायचा, हे बीजगणितातले शेवटचे आणि बहुतेक जण गाळतात ते पाऊल.

घात म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा

तेजाब ओतून काढला तरी भुकटीत थोडा राहतोच. तो पाण्याने धुवून काढतात. हे काम अण्णा मला करू देत नाहीत, कारण तेजाबाचा धूर छातीला वाईट. पण लांबून बघताना मला प्रश्न पडला. अण्णा एकदाच भरपूर पाणी घालत नाहीत. थोडे घालतात, ओततात, पुन्हा थोडे घालतात, ओततात. का?

समजा भुकटीत १६ मिलिलिटर तेजाब उरला. त्यात ४८ मिलिलिटर पाणी घातले, एकूण ६४. ढवळून ओतले आणि भुकटीत पुन्हा १६ मिलिलिटर द्रव राहिला. ६४ पैकी १६ म्हणजे चौथा हिस्सा. म्हणून तेजाबही चौथा हिस्सा राहिला, ४ मिलिलिटर. दुसऱ्या धुण्यानंतर १. तिसऱ्यानंतर पाव मिलिलिटर.

दर धुण्याला १/४ ने गुणायचे. तीन धुण्यांनंतर १६ × १/४ × १/४ × १/४. हेच थोडक्यात लिहायचे तर १६ × (१/४ चा तिसरा घात). वहीत आपण १/४ कंसात लिहून त्याच्या उजव्या खांद्यावर छोटा ३ काढतो. १/४ हा पाया, ३ हा घातांक. घातांक वर छोटा लिहिण्याची ही पद्धत फ्रान्समधल्या देकार्त यांच्या १६३७ सालच्या पुस्तकापासून रूढ झाली. पाया सांगतो कोणते काम, घातांक सांगतो किती वेळा. न वेळा धुतले तर उरलेला तेजाब = १६ × (१/४ चा न वा घात).

या एका ओळीतून तीन गोष्टी कळतात.

पहिली : घातांक गुणाकाराच्या आधी का. दोन धुण्यांनंतर १६ × (१/४ चा वर्ग) = १६ × १/१६ = १ मिलिलिटर. कोणी आधी १६ × १/४ = ४ केले आणि मग वर्ग केला, तर उत्तर १६. म्हणजे दोनदा धुवूनही तेजाब जितका होता तितकाच! वर्ग हा धुण्याच्या कामाचा आहे, सुरुवातीच्या १६ चा नाही.

दुसरी : शून्य सोडून कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १ का, हा मला सहावीपासून न सुटलेला प्रश्न. शून्य वेळा धुतले म्हणजे धुतलेच नाही. मग १६ चे १६ च राहायला हवेत. ते राहतात, कारण १६ × १ = १६. शून्यावा घात शून्य धरला असता, तर न धुताच तेजाब नाहीसा झाला असता.

तिसरी : अण्णा थोडे थोडे पाणी का घालतात. तीन वेळा मिळून पाणी लागले १४४ मिलिलिटर, आणि तेजाब उरला पाव मिलिलिटर. तेच १४४ मिलिलिटर एकदम घातले असते तर एकूण १६०, त्यातले १६ मागे राहिले, म्हणजे दहावा हिस्सा. तेजाब उरला असता १.६ मिलिलिटर. पाणी तेवढेच, पण सहापट जास्त तेजाब मागे. अण्णा घातांक शिकलेले नाहीत, त्यांच्या हाताला तो माहीत आहे.

पाया एकापेक्षा लहान असेल तर घात असा झपाट्याने खाली नेतो. पाया मोठा असेल तर तितक्याच झपाट्याने वर नेतो. त्याचेही उदाहरण सराफ बाजारातच आहे. जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक येऊ लागला. इंग्रजी अक्षरे २६ आणि अंक १०, म्हणजे प्रत्येक जागेला ३६ पर्याय. सगळे पर्याय वापरले तर सहा जागांसाठी ३६ चा सहावा घात, म्हणजे २१७ कोटी ६७ लाख ८२ हजार ३३६ क्रमांक. पाचच जागा ठेवल्या असत्या तर ६ कोटी ४ लाख ६६ हजार १७६. घातांक एकाने वाढला आणि संख्या छत्तीसपट झाली.

शेवटी

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना मी अण्णांना म्हटले, "दोन पूर्णांक सात ग्रॅमचाच फरक होता, लगेच कळलाही." अण्णा कुलूप लावता लावता थांबले. म्हणाले, "त्ये सोनं त्याचं न्हाई, दुकानदाराचं हाय. वजनावर घेतलंय, वजनावर परत द्यायचंय. तुझी चिठ्ठी तशीच गेली असती तर पावणेतीन ग्रॅम त्यानं पदरचं भरलं असतं. आणि परत आपल्या पायरीवर आला नसता." मग जिना उतरताना एवढेच म्हणाले, "मशीन काय सांगतंय ते नंतर बघायचं. आधी आपल्याला काय पायजे ते ठरवायचं."

तो कारागीर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आला. मी चिठ्ठी लिहिली. त्याने मोबाइल काढला, ताडून पाहिले आणि मोबाइल खिशात ठेवला.

म्हणून सातवीच्या मित्रांनो, अक्षर दिसले की विचारा, ही कशाची जागा आहे? कंस दिसला की विचारा, कोणते काम आधी पुरे करायचे आहे? घातांक दिसला की विचारा, कोणते काम पुन्हा पुन्हा होते आहे? आणि उत्तर आले की विचारा, ते मधे बसते का?

सरावासाठी तीन प्रश्न देतो. प्रेपला उत्तरे घेऊन या.

१. १५ ग्रॅम ८० टंचाचे आणि ५ ग्रॅम ९२ टंचाचे सोने एकत्र आटवले. मिश्रणाचा टंच किती? गुणाकार करण्याआधी अंदाज सांगा, तो ८० च्या जवळ असेल की ९२ च्या?

२. दागिन्याच्या सोन्याची किंमत ५०,००० रुपये, घडणावळ ५,००० रुपये आणि दोन्हींवर मिळून ३ टक्के जीएसटी. बिल १.०३ वापरून एका ओळीत लिहा. कंस कुठे येईल? कंस विसरलात तर दुकानदाराला किती रुपयांचा तोटा?

३. भास्कराचार्यांच्या त्याच उदाहरणातले २० मासे सोने शुद्ध केल्यावर १६ मासे उरले, फक्त हीण गेले. आता त्याचा वर्ण किती? लक्षात ठेवा, सोने तेवढेच आहे, वजन बदलले आहे.